‘हे औषध नाही गं, अश्वगंधा आहे’: इंदूरमधल्या एका काविळीचं प्रकरण

काकूंच्या परवानगीने हे लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळं क्रमावरच अवलंबून होतं.

पार्श्वभूमी

काकू ५७ वर्षांच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माझे वडील राजेंद्र नगरात दवाखाना चालवायचे तेव्हापासून हे घर आमच्याकडे येतं, त्यामुळे त्या मला अजून ‘अगं’च म्हणतात. थायरॉइड कमी असल्याचं ११ वर्षांपूर्वी कळलं. तेव्हापासून लिव्होथायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी, पहाटे उपाशीपोटी. फेब्रुवारीत टीएसएच (थायरॉइडची पातळी कमी पडली की वाढणारं आणि जास्त झाली की उतरणारं संप्रेरक) २.८ होता, म्हणजे उत्तम. दारूचा प्रश्नच नाही. जुन्या सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी दिसली होती. पोहे-जलेबी-शेवेच्या शहरात त्याचं नवल कोणाला वाटत नाही.

हिवाळ्यात काकांची बायपास झाली. काका बरे झाले आणि काकूंची झोप गेली. रात्री अडीचला जाग यायची ती यायचीच. मला त्यांनी हे सांगितलं नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘तू झोपेची गोळी दिली असतीस. ती सुटत नाही म्हणतात.’ पुण्याच्या मामेबहिणीने अश्वगंधा सुचवली आणि सुनेने मोबाइलवरून बाटली मागवली. प्रत्येक कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क.

माळव्यात अश्वगंधा काही परकी नाही. नीमचच्या मंडीत तिच्या मुळ्यांचे ढीग लागतात, जाडीप्रमाणे प्रत ठरते, शेतकरी तिला असगंध म्हणतात. काकूंचं माहेर त्याच बाजूचं. त्यांचे वडील रात्री दुधातून चमचाभर चूर्ण घ्यायचे आणि ऐंशी पार करून गेले. ‘घोड्याच्या घामासारखा वास यायचा त्या दुधाला,’ काकू सांगतात. बाटलीतल्या कॅप्सूलला मात्र कसलाच वास नव्हता.

जूनच्या सुरुवातीला त्यांनी रात्री एक कॅप्सूल सुरू केली. दहा-बारा दिवसांत झोप लागू लागली. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण अश्वगंधेचा काहीच उपयोग नसतो असं म्हणणं खोटं ठरेल. ताण आणि झोप या दोन्हींवर भारतात छोटे पण नीट नियंत्रण ठेवलेले अभ्यास झाले आहेत. २०१२ च्या एका अभ्यासात ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम ६० दिवस दिला होता. त्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल, दोन्ही कमी झाले. पण असे बहुतेक अभ्यास दोन-तीन महिन्यांत संपतात आणि त्यात साठ-सत्तर माणसं असतात. हजारांत एखाद्याला होणारी इजा एवढ्याशा जाळ्यात सापडत नाही.

जूनच्या शेवटी काकूंनी सकाळचीही एक सुरू केली. बाटलीवर ‘दिवसातून दोन’ असं लिहिलं होतं, म्हणजे त्या सूचनेबाहेर गेल्या नव्हत्या.

पहिली भेट

जुलैचा तिसरा आठवडा. बाहेर संततधार, दवाखान्यात ताप-जुलाबाची रांग. काकू आल्या त्या आठ दिवसांपासून अन्नाचा वास नको वाटतो, पाय ओढत चालावं लागतं, लघवी मोहरीच्या तेलासारखी होते, ही गाऱ्हाणी घेऊन. बोलताना तळहात खाजवत होत्या. ट्यूबलाइटखाली डोळे ठीक दिसले, पण खिडकीपाशी नेलं तर पांढऱ्यात स्पष्ट पिवळेपणा. ताप नाही, पोटदुखी नाही.

पावसाळा आणि कावीळ म्हटल्यावर पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारच्या विषाणूंकडे बोट जातंच. मी केसपेपरवर ‘व्हायरल?’ असं लिहिलं. प्रश्नचिन्ह टाकलं होतं, पण खरं सांगायचं तर ते शोभेचं होतं. मग नेहमीचा प्रश्न विचारला: ‘दुसरं काही औषध चालू आहे?’ नेहमीचं उत्तर आलं: ‘थायरॉइडची गोळी, बाकी काही नाही.’

दुसऱ्या दिवशीचा अहवाल: बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य) ६.८, एसजीपीटी (यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढते) ३२०, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबलं की वाढतं) २४८. चौथ्या दिवशी ए, बी, सी, ई या चारही विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पाचव्या दिवशी सोनोग्राफी: पित्ताशयात खडे नाहीत, पित्तनलिका फुगलेली नाही, यकृतावर जुनीच चरबी.

इथे मी अडकले. तपासणी फार लवकर केली असेल, आठवड्याने पुन्हा करू, असं स्वतःला समजावलं. खरं तर ज्याला कावीळ दिसू लागली आहे त्याच्या रक्तात ‘ई’ विषाणूची प्रतिपिंडं बहुतेक वेळा सापडतातच. शिवाय ताप नव्हता, खाज मात्र पहिल्या दिवसापासून होती, आणि फॉस्फटेज दुप्पट होतं. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी बहुधा हजारापार जाते, फॉस्फटेज इतकं चढत नाही. तिन्ही गोष्टी कागदावर समोर होत्या. मी पहिला अंदाज धरून बसले.

त्या चार दिवसांत घरी काय चाललं होतं ते नंतर कळलं. शेजारच्या बाईंनी काविळीची माळ आणून दिली होती. वाळत जाणाऱ्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले. काड्या सुकून आकसतात तशी माळ लांबत जाते आणि ‘कावीळ उतरते आहे’ अशी घरच्यांची खात्री पटते. तिने काही बिघडत नाही. बिघडू शकलं असतं ते काकांच्या उपायाने. त्यांनी सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा सुरू केला होता, यकृताला चांगला म्हणून. कॅप्सूल तर चालूच होत्या.

पिशवी

नवव्या दिवशी बिलिरुबिन ९.१ झालं. एसजीपीटी जवळपास तेवढीच, फॉस्फटेज थोडं वर. त्या संध्याकाळी मी काकूंना फोन करून म्हटलं, ‘औषध, घरगुती, काहीही असो, महिन्या-दोन महिन्यांत जे जे तोंडात गेलंय ते सगळं पिशवीत घालून आणा.’

सून साडीच्या दुकानाची कापडी पिशवी घेऊन आली आणि टेबलावर उलटी केली. थायरॉइडची बाटली. कॅल्शियम. त्रिफळा चूर्णाचा अर्धा डबा. ईसबगोल. तापाच्या गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट. वर्तमानपत्रात गुंडाळलेले गुळवेलीचे तुकडे. आणि एक हिरवी-पांढरी प्लास्टिकची बाटली.

‘हे कधीपासून?’

‘जूनपासून. पण हे औषध नाही गं, अश्वगंधा आहे.’

मी बाटली फिरवून पाहिली. काकूंचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं. तिच्यावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक नव्हता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा होता. एकाच मुळाचा अर्क आपल्याकडे औषध म्हणूनही विकतात आणि अन्नपूरक म्हणूनही. मी ‘औषध’ विचारत होते आणि बाटली स्वतःच म्हणत होती की मी औषध नाही.

लेबलवर आणखी दोन गोष्टी होत्या. विथॅनोलाइड (अश्वगंधेतले मुख्य क्रियाशील घटक) १० टक्के, ही एक. दुसरी म्हणजे जे लिहिलं नव्हतं ते: अर्क मुळाचा की पानांचा. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना दिली होती, कारण परंपरेने वापर आहे तो मुळाचा. पानांत विथॅफेरिन-ए नावाचं घटकद्रव्य जास्त असतं आणि पेशींना ते चांगलंच जाचक आहे. पानं स्वस्त पडतात, आणि त्यांच्यामुळे अर्कातली टक्केवारीही सहज वर जाते.

काकू गणिताच्या शिक्षिका, म्हणून मी हिशोब केसपेपरच्या पाठीमागे मांडून दाखवला. वडिलांचं चमचाभर चूर्ण म्हणजे ३ ग्रॅम. मुळात विथॅनोलाइड अर्धा टक्का धरलं, तरी १५ मिलिग्रॅम. यांच्या दोन कॅप्सूल म्हणजे १००० मिलिग्रॅमचे १० टक्के, १०० मिलिग्रॅम. काकूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं: ‘सहा पट + ’. मग म्हणाल्या, ‘आणि बाबा थंडीचे दोन-तीन महिनेच घ्यायचे.’

हा हिशोब म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे. अश्वगंधेने होणारी यकृताची इजा मात्रेच्या सरळ प्रमाणात बसत नाही. एकाला सोसतं ते दुसऱ्याला सोसत नाही. पण ‘बाबा आयुष्यभर घेत होते’ हे वाक्य या बाटलीला लागू पडत नाही, एवढं त्यातून नक्की दिसलं. शिवाय पाणी-अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात मुळातलं काय उतरतं आणि काय मागे राहतं, हे दुधात उकळलेल्या चूर्णाहून वेगळं असतं.

त्याच दिवशी टीएसएच केला: ०.१८. मागच्या महिन्यात काकूंना धडधड होत होती, भाजी चिरताना हात थरथरायचा. घरच्यांनी ते काकांच्या काळजीच्या खात्यात टाकलं होतं. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वर नेऊ शकते. २०१८ च्या ५० जणांच्या एका अभ्यासात ८ आठवड्यांत हेच दिसलं होतं. ज्यांना थायरॉइड किंचित कमी आहे त्यांना ते फायद्याचं वाटेल. पण वरून गोळीही चालू असेल तर काट्याच्या एकाच पारड्यात दोन वजनं पडतात. अर्थात मोठ्या आजारपणातही टीएसएच खाली जातो, त्यामुळे हा आकडा एकट्या अश्वगंधेच्या माथी मारता येत नव्हता.

पर्याय

कॅप्सूल आणि काढा दोन्ही त्याच मिनिटाला बंद, यावर वाद नव्हता. पुढे काय, यावर घरात चार मतं होती.

मुलाला काकूंना मुंबईला न्यायचं होतं. काकांना गुळवेल चालू ठेवायची होती: ‘ती तर यकृताचीच आहे.’ सुनेला अपराधी वाटत होतं आणि ती काहीही करायला तयार होती. काकूंना फक्त खाज थांबायला हवी होती.

गुळवेलीबद्दल मी काकांना स्पष्ट सांगितलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशभरातल्या अनेक केंद्रांतल्या ४३ रुग्णांची आली. त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं होतं: त्या रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलं नाही. हा वाद काकांच्या स्वयंपाकघरात सुटणार नव्हता. आजारी यकृतावर संशयाची आणखी एक वस्तू नको, इतकंच मी म्हटलं.

मग मी त्यांच्या वैद्यांना फोन केला. दोन पिढ्या हे घर त्यांच्याकडेही जातं. ते वाद घालतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘भूक कशी होती सुरू करताना?’ भूक मंदच होती. ‘मग मी दिलीच नसती. अग्नी मंद असताना रसायन, म्हणजे ताकदीचं औषध, देत नाहीत. आणि दिली असती तर चूर्ण, दुधातून, तेही बघत बघत. काढा बंद करा, काकांना मी सांगतो.’ त्यांनी सांगितलं तेव्हाच काकांनी ऐकलं. माझं सांगणं तोवर ‘ॲलोपॅथीवाले असंच बोलतात’ या सदरात होतं.

मोठ्या रुग्णालयातल्या यकृततज्ज्ञांबरोबर बसून बाकीचे पर्याय तोलले. भरती करायची का? काविळीत आकडे घाबरवतात, पण निर्णय ठरवतो तो आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला सामान्याच्या किती पट वेळ लागतो ते, कारण गोठण्याची प्रथिनं यकृत बनवतं. काकूंचा १.१ होता. शुद्ध, बोलणं, झोप-जागेपणाचं चक्र ठीक. बायोप्सी? स्वयंप्रतिकारी आजाराचा संशय असता तर केली असती. पण त्यासाठीच्या दोन्ही रक्ततपासण्या ठीक होत्या: एएनए नगण्य, आयजीजी सामान्य. स्टेरॉइड? त्याच कारणाने नको.

नुकसानीचा प्रकार ठरवायला तज्ज्ञांनी एक साधं गुणोत्तर काढलं. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या किती पट: ३२० भागिले ४०, म्हणजे ८. फॉस्फटेज किती पट: २४८ भागिले १२०, म्हणजे साधारण २. आठाला दोनाने भागलं की चारच्या आसपास. पाच किंवा जास्त आलं तर मार यकृताच्या पेशींना, दोन किंवा कमी आलं तर पित्ताचा प्रवाह तुंबलेला, मधलं असेल तर मिश्र. अश्वगंधेच्या नोंदवलेल्या प्रकरणांशी हे जुळत होतं. आइसलँड आणि अमेरिकेतल्या ५ रुग्णांची जी मालिका २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि जबर खाज आली होती, चित्र पित्त तुंबल्याचं किंवा मिश्र होतं, आणि बंद केल्यावर १ ते ५ महिन्यांत चौघे सावरले होते; पाचव्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. २०२३ मध्ये भारतातली मालिका आली. ती इतकी दिलासा देणारी नव्हती. ज्यांना आधीपासून यकृताचा जुनाट आजार होता अशा ३ रुग्णांचा त्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली.

ही शेवटची दोन वाक्यं मी काकूंना त्या दिवशी सांगितली नाहीत. मुलाला सांगितली.

काय केलं

घरीच ठेवायचं ठरलं, पण रेषा आखून. आयएनआर १.५ झाला, काकू दिवसा पेंगू लागल्या किंवा असंबद्ध बोलल्या, तर त्याच तासाला भरती. बंद केल्यापासून दोन आठवड्यांत बिलिरुबिन उतरणीला लागलं नाही तर बायोप्सी. या तीन ओळी मी मोठ्या अक्षरात लिहून दिल्या आणि सुनेने त्या फ्रिजवर चिकटवल्या. आठवड्यातून दोनदा रक्त.

थायरॉइडची गोळी कमी करावी का, यावर आम्ही जरा रेंगाळलो. हृदयाचा आजार असता तर लगेच केली असती. नाडी ९६ होती, ठोका नियमित. अश्वगंधा बंद झाल्यावर पातळी आपोआप खाली येईल अशा हिशोबाने तीच मात्रा ठेवली.

खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पूड दिली. ही पूड आतड्यात पित्ताची आम्लं पकडते, पण जवळपास घेतलेली थायरॉइडची गोळीही पकडून ठेवते. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर लागतं. काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर शाळेच्या वेळापत्रकासारखे तास आखले: पहिला तास साडेपाच, थायरॉइड, मधली सुट्टी, चौथा तास अकरा, पूड संत्र्याच्या रसातून. त्यातला एकही तास बुडाला नाही.

सोळाव्या दिवशी बिलिरुबिन ११.४ आलं. कॅप्सूल बंद करून सात दिवस झाले होते आणि आकडा वर गेला होता. मुलाने विमानाची तिकिटं बघितली. माझंही मन डळमळलं. बंद केल्यावरही काही दिवस बिलिरुबिन चढू शकतं, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. आकडा हातात असताना दिलेलं स्पष्टीकरण सबबीसारखं ऐकू येतं. आयएनआर १.१, एसजीपीटी उतरून १९०. तज्ज्ञ म्हणाले, आखलेली रेषा अजून ओलांडलेली नाही. थांबलो.

विसाव्या दिवशी ९.६. चोविसाव्या दिवशी ७.२.

कावीळ उतरली

खाज पाच आठवडे टिकली आणि काकूंच्या मते सगळ्यात वाईट तीच होती. रात्री ओला पंचा हातांना गुंडाळून झोपायच्या. सहाव्या आठवड्यात बिलिरुबिन ३.२, अकराव्यात १.०. एसजीपीटी नवव्या आठवड्यात सामान्य. टीएसएच तीच ७५ ची गोळी चालू असताना दहाव्या आठवड्यात ३.१ झाला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की थायरॉइडचा भागही बहुधा त्याच बाटलीचा होता.

औषधाने यकृताला इजा झाल्याची शक्यता मोजण्याची एक गुणपद्धत आहे, रुकाम नावाची. सुरुवात कधी, बंद केल्यावर आकडे कसे उतरले, वय, दुसरी कारणं वगळली का, त्या पदार्थाची आधीची नोंद आहे का, असे गुण मिळवायचे. काकूंचे ७ आले. ६ ते ८ म्हणजे ‘संभाव्य’ पातळी, त्याच्या वर ‘जवळपास निश्चित’. मी ‘संभाव्य’वरच थांबते. त्याचं कारण पुढे येतं.

आज पुन्हा केलं तर

बाटली. पिशवीच्या दिवशी मी लेबलच्या पुढच्या बाजूचा फोटो काढला आणि बाटली परत देऊन म्हटलं, ‘घरी बाजूला ठेवा.’ बॅच क्रमांक पाठीमागे होता. चार दिवसांनी दुष्परिणामाचा अर्ज भरायला बसले तर बाटली नव्हती. सुनेला ती डोळ्यासमोर नको झाली होती. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी आली तेव्हा तिने कॅप्सूल ओल्या कचऱ्यात आणि बाटली सुक्या कचऱ्यात टाकली. अगदी इंदूरच्या शिस्तीने! आता त्या कॅप्सूलमध्ये मूळ होतं की पान, जड धातू होते का, भलतंच काही मिसळलं होतं का, यातलं काहीही तपासता येणार नाही. दोष अश्वगंधेचा की त्या एका उत्पादनाचा, हे म्हणून सुटत नाही. संशयित बाटली आता माझ्याच कपाटात राहते, तारीख लिहून.

अर्ज तरीही पाठवला. औषधांच्या दुष्परिणामांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा नि:शुल्क क्रमांक आहे आणि आयुष औषधांसाठी वेगळी नोंदव्यवस्था आहे, जिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, हे काकूंनाच काय, माझ्या कंपाउंडरलाही माहीत नव्हतं.

चौथा दिवस. विषाणूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या तेव्हाच पिशवी मागवायला हवी होती. पाच दिवस, दहा कॅप्सूल. त्याने शेवट बदलला असता असं नाही, पण त्या ४३ रुग्णांची यादी मला ठाऊक असून घरात गुळवेल उकळते आहे का हे मी विचारलं नाही, ही गोष्ट बोचते.

झोप. खरं गाऱ्हाणं हे होतं आणि ते माझ्यापर्यंत आलंच नाही. काकूंना माझ्या चिठ्ठीची भीती वाटली, बाटलीची वाटली नाही. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. डिसेंबरपासून त्या अकराच्या आधी अंथरुणावर पडत नाहीत, दुपारची झोप बंद केली आहे, आणि अडीचला जाग आलीच तर उठून स्वयंपाकघरात बसून शब्दकोडं सोडवतात. आठवड्यातले चार-पाच दिवस बरे जातात.

जानेवारीत त्यांनी एक प्रश्न विचारला. माहेरहून नवीन असगंध आली होती, मुळ्याच, घरी कुटलेली. ‘ही तर बाबांचीच आहे. अर्धा चमचा?’ मी नाही म्हटलं. ज्या पदार्थाने एकदा यकृत दुखावल्याचा दाट संशय आहे तो पुन्हा दिला तर दुसरा झटका पहिल्याहून लवकर आणि जोरात येऊ शकतो, आणि हे करून बघण्याजोगं नाही. वैद्यांनाही विचारा म्हटलं. त्यांनीही नाहीच सांगितलं. डबा धाकट्या भावाकडे परत गेला. तो रोज घेतो आणि ठणठणीत आहे.

माझ्या केसपेपरवर ‘चालू औषधे’ अशी ओळ होती. ती खोडून नवीन छापून घेतली: ‘गोळी, चूर्ण, काढा, कॅप्सूल, रस, पावडर: दोन महिन्यांत काय काय घेतलं?’ पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘सकाळी कोरफडीचा रस घेतो. तो पण धरायचा का?’